चारचौघांत बोलणं : पदाधिकाऱ्याचं पहिलं काम

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात रहिवाशांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



रौप्यमहोत्सव समितीने मला विषय दिला आहे ‘नेतृत्व आणि वक्तृत्व’. विषय मोठा आहे. यावर बोलायला लागलं की माणूस थेट जगातल्या थोर वक्त्यांपर्यंत जातो आणि ऐकणारे घड्याळाकडे. म्हणून मी तो आपल्यापुरता लहान करून घेतो. आपल्या गृहनिर्माण संस्थेसारख्या ठिकाणी जो माणूस काही जबाबदारी घेतो, त्याला चारचौघांत उभं राहून बोलता येणं का गरजेचं आहे, आणि ते शिकता कसं येतं, एवढंच मी आज सांगणार आहे.

वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. अकोल्यातून आपण वेगळे झालो, नवी कार्यालयं आली, साहेब-बाबू-शिक्षक मंडळी बदलून इथे आली, आणि गावाबाहेरच्या वावरांत ले-आउट पडू लागले. त्याच लाटेत, पुढच्या दोन-तीन वर्षांत, आपली संस्था उभी राहिली. तेव्हा इथे रस्ता नव्हता, दिवा नव्हता, पावसाळ्यात गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून चप्पल हातात घेऊन घरी यावं लागायचं. आज झाडं दोन मजल्यांच्या वर गेली आहेत. हे सगळं ज्यांनी केलं ते समोरच बसले आहेत. त्यांच्यासाठी टाळ्या झाल्याच पाहिजेत.

आता टाळ्या झाल्या, म्हणून एक अडचणीची गोष्ट बोलतो. या पंचवीस वर्षांत अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदं फिरून फिरून सात-आठ घरांतच राहिली. यात कोणाचा हट्ट नव्हता, उलट दर वेळी हीच मंडळी म्हणत आली की आता दुसऱ्या कोणी तरी घ्या. आणि दर वेळी बाकीच्यांचं उत्तर ठरलेलं : “काम सांगा, रात्री बारालाही करतो. पण सभेत उभं राहून बोलणं आपल्याच्यानं होत नाही.” त्या सात-आठ जणांपैकी काही आता आपल्यात नाहीत, काही मुलांकडे पुण्याला गेले, राहिलेल्यांचे गुडघे बोलतात. पुढची पंचवीस वर्षं संस्था कोण चालवणार, हा प्रश्न आज आपल्यासमोर उभा आहे. आणि त्याच्या आड पैशाची नाही, वेळेचीही फारशी नाही, बोलण्याची भीती उभी आहे.

सहकाराचा कायदा काय म्हणतो पाहा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे आपली नोंदणी झाली. दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची, हिशेब सभासदांपुढे ठेवायचा. एका सभासदाला एक मत. कोपऱ्यावरच्या मोठ्या बंगल्याला एकच मत आणि दोन खोल्यांच्या घरालाही एकच. मत सगळ्यांना सारखं मिळालं, पण सभेत आवाज मात्र दोन-चार जणांचाच. आपली सभा कशी होते ते तुम्हाला ठाऊक आहे. गणपूर्ती नाही म्हणून अर्धा तास तहकूब. मग “अहवाल वाचला असे समजण्यात यावे.” मग “मंजूर, मंजूर.” सूचक अमुक, अनुमोदक तमुक. चहा. आणि खरी सभा त्यानंतर, कोपऱ्यावरच्या पानटपरीशी भरते. “एवढे पैसे कशाले घेऊ राहिले? मोटर तर मागल्याच साली बसवली ना?” हा प्रश्न चांगला आहे, रास्त आहे. पण तो चुकीच्या ठिकाणी विचारला जातो, आणि तिथे त्याचं उत्तर देणारा कोणी नसतो. मग त्या प्रश्नाचा संशय होतो, आणि संशयाचं पुढे भांडण होतं.

म्हणून मी म्हणतो, पदाधिकाऱ्याचं बोलणं म्हणजे भाषण ठोकणं नव्हे. ऐकणाऱ्याला नीट समजावं, त्याला प्रश्न विचारता यावा आणि त्याने स्वतः निर्णय घ्यावा, यासाठी जे बोलायचं, ते. त्याची परीक्षा सोपी आहे. सभेला आलेल्या माणसाला घरी बायकोने विचारलं, “काय ठरलं?” आणि त्याला दोन वाक्यांत सांगता आलं, तर बोलणारा पास. “बराच वेळ बोलले बुवा,” एवढंच त्याला सांगता आलं, तर बोलणारा नापास, मग त्याचा आवाज कितीही भारदस्त असो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या वऱ्हाडातच होऊन गेलं. संत गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, २३ फेब्रुवारी १८७६ चा जन्म. बालपण गेलं मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, आजोळी. म्हणजे आपल्या कारंज्याच्या शेजारीच म्हणा ना. शाळा नाही, अक्षरओळख नाही. पण या माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, लोकांकडून पैसा उभा केला आणि हिशेब असा चोख ठेवायला लावला की आपल्या लेखापरीक्षकाने हात जोडावेत. आज आपण ज्याला व्यवस्थापन म्हणतो तेच हे. त्यांच्या हातात यासाठी साधन होतं एकच, कीर्तन.

त्यांच्या कीर्तनाची पद्धत नीट पाहा. दिवसभर हातात खराटा घेऊन गाव झाडायचं. म्हणजे रात्री बोलायला उभे राहायच्या आधी लोकांनी त्यांना काम करताना पाहिलेलं असायचं. मग कीर्तनात ते स्वतः फार सांगत नसत, विचारत. एक प्रश्न टाकायचा, लोकांनी उत्तर द्यायचं. त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. असं करत करत हजारोंचा समुदाय स्वतःच्या तोंडानेच कबूल करायचा, की कर्ज काढून सण करणं वाईट, देवापुढे बकरं कापणं वाईट, दारू वाईट, पोरांना शाळेत घातलंच पाहिजे. बाबांनी सांगितलं म्हणून नव्हे, आपणच म्हणालो म्हणून ते माणसाच्या मनात राहायचं. मुंबईत वांद्र्याला नोव्हेंबर १९५६ मध्ये केलेलं त्यांचं एक कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. त्यानंतर दीड महिन्यात, २० डिसेंबरला, ते गेले. मुलांनो, ते मोबाइलवर शोधून जरूर ऐका. भाषा अगदी आपल्या आजी-आजोबांची. एक शब्द अडत नाही.

यातून पदाधिकाऱ्याने घ्यायच्या गोष्टी तीन. आधी खराटा, मग माइक. सांगण्यापेक्षा विचारणं जास्त. आणि भाषा ऐकणाऱ्याची.

भाषेचं निघालं म्हणून वाशिमकरांना आपल्या गावाची एक जुनी गोष्ट सांगतो. वाशिम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. राजशेखर नावाच्या जुन्या संस्कृत पंडिताने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात अशी कथा रचली, की सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष आणि गौरीने निर्माण केलेली साहित्यविद्या यांचं लग्न विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लागलं. म्हणजे वाणीचं सासर-माहेर शोधत गेलं तर मांडव आपल्याच गावात सापडतो! दुसरी गोष्ट त्याहून कामाची. १९३९ मध्ये वाशिमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. एक गाव दान दिल्याचा तो लेख आहे. त्यात राजाच्या वंशावळीचा भाग संस्कृतात आहे, पण दानाचा जो प्रत्यक्ष व्यवहार, काय दिलं, कोणाला दिलं, कोणत्या अटींवर दिलं, तो बहुतेक सगळा प्राकृतात आहे. मला त्यात आपल्या कामाचा धडा दिसतो. मोठेपणाची भाषा वेगळी असली तर असू द्या, पण व्यवहार लोकांच्या भाषेत सांगा. नोटिशीत ‘उपरोक्त विषयान्वये सर्व सभासदांस सूचित करण्यात येते’ असं लिहा, हरकत नाही, दप्तराला ते लागतं. पण सभेत उभं राहिल्यावर, “मोटर जळाली आहे, नवी घ्यायची का जुनी भरून आणायची, हे आज ठरवायचं आहे,” असं बोला.

मी बँकेत शाखा व्यवस्थापक होतो, त्यामुळे जिल्ह्यातल्या सहाही तालुक्यांत, वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कुठे ना कुठे सभा-मेळाव्यांना जाणं झालं. एका गावातल्या मेळाव्याची आठवण आहे. पीक विम्याची माहिती द्यायला एक अधिकारी आले होते. माणूस हुशार, विषयाची जाण पक्की. पण त्यांनी परिपत्रक उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. ‘अधिसूचित क्षेत्र’, ‘जोखीमस्तर’, ‘उंबरठा उत्पन्न’. वीस मिनिटं झाली. मागे बायका बसल्या होत्या, त्यातली एक आजी उठली आणि म्हणाली, “साहेब, ते सारं ठीक हाये. पन माह्यं सोयाबीन पान्यात गेलं तर म्या कोनाले सांगू, अन् किती दिसांत?” सगळा मंडप हसला. अधिकारीही मनाचे मोठे, तेही हसले, कागद मिटला आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागले. पुढची दहा मिनिटं कोणी जागचं हललं नाही. माणूस तोच होता, विषयही तोच होता. फरक एवढाच, की आधी ते परिपत्रकाकडे पाहून बोलत होते आणि नंतर आजीकडे पाहून.

बोलायला उभं राहायच्या आधी आपण हेच करायचं. समोरच्या मंडळींत आपली एक आजी मनाशी ठरवायची आणि तिच्या मनात कोणता प्रश्न असेल, तो आधी कागदावर लिहायचा. त्या प्रश्नाचं उत्तर हेच आपलं भाषण.

आता भीतीकडे येऊ. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, पाय कापतात. हे काही दुबळेपणाचं लक्षण नाही. अंगावर कुत्रा धावला तर शरीर जी तयारी करतं, तीच तयारी ते पन्नास डोळे आपल्याकडे वळले की करतं. आणि ती फक्त आपल्यालाच होते असंही नाही. महात्मा गांधींनी आत्मकथेत स्वतःबद्दल लिहून ठेवलं आहे. लंडनला शिकत असताना शाकाहारी मंडळींच्या एका सभेत ते लिहिलेलं भाषण वाचायला उभे राहिले, पण डोळ्यांपुढे अंधारी आली, हात कापू लागले, आणि शेवटी ते दुसऱ्याने वाचून दाखवलं. पुढे १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियाला, त्यांनी तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांपुढे भाषण केलं. आयुष्यातलं पहिलं भाषण असं ते त्यालाच म्हणतात. व्यापारात खरेपणा कसा पाळावा, हा विषय. विषयाची तयारी करून गेले होते, आणि शेवटी लोकांपुढे एक काम ठेवलं : आपल्या अडचणी मांडायला एक मंडळ काढू. लंडनचा तो मुलगा प्रिटोरियात बोलू शकला, कारण तिथे त्याच्यापुढे लोकांची अडचण होती. आपलं लक्ष आपल्या कापणाऱ्या हातांवरून उठून समोरच्याच्या अडचणीवर गेलं की भीती निम्मी होते. पूर्ण जात नाही, आणि ती पूर्ण जावी अशी वाटही पाहू नये.

राहिलेली निम्मी भीती सवयीने जाते. आणि ती सवय कशी लागते, हे मी आपल्या जिल्ह्यातल्या बायकांकडून शिकलो. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. पुढे महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं ‘माविम’, मग ‘उमेद’, यांच्यामुळे गावोगाव गट झाले. कर्जप्रस्तावाच्या आधी आम्ही गटाची बैठक पाहायला जायचो. पहिल्या बैठकीत अर्ध्या बायका डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढून बसलेल्या. नाव विचारलं तर शेजारणीने सांगायचं. पण गटाची एक पद्धत असते. बैठक आठवड्याची असो की महिन्याची, प्रत्येकीने आपलं नाव आणि आज किती बचत आणली ते स्वतः बोलायचं. एवढंच, एक वाक्य. मग काही दिवसांनी घेतलेल्या कर्जाचा हप्ता सांगायचा. मग हप्ता का चुकला ते सांगायचं. मग दुसरीला कर्ज द्यायचं की नाही यावर मत द्यायचं. वर्ष-दीड वर्षाने त्याच बायका बँकेत येऊन माझ्या टेबलासमोर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, “साहेब, आमचा प्रस्ताव तीन हप्ते झाले पडून हाये. कोनता कागद राह्यला ते सांगा, नाही तर सही करा.” मला तेव्हा घाम फुटायचा, पण आतून आनंद व्हायचा.

या बायकांना कोणी वक्तृत्वाचा वर्ग लावला नव्हता. त्यांना दर बैठकीला एक लहान वाक्य खरं-खरं, उभं राहून बोलावं लागत होतं आणि ते वाक्य त्यांच्या स्वतःच्या पैशाचं होतं. यातल्याच काही पुढे ग्रामपंचायतीत गेल्या. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या. तुम्ही पाहिलं असेल, काही गावांत सरपंच बाई खुर्चीवर आणि बोलणारे त्यांचे मालक. लोक मग त्यांनाच सरपंच म्हणतात. जिथे बाईंना गटात बोलायची सवय लागलेली होती, तिथे मात्र मालकांना मागे बसून चहा पीत ऐकावं लागलं. पद कायद्याने मिळतं, पण ते आपल्या हातात राहायचं असेल तर चारचौघांत बोलावं लागतं.

आता तयारीचं सांगतो, कारण नुसतं “हिंमत करा” म्हणून काही होत नाही.

पहिलं, एक वाक्य. बोलायला उभं राहण्यापूर्वी स्वतःला विचारा, माझं बोलणं झाल्यावर लोकांनी काय करावं? ते एका वाक्यात कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर बोलण्याची वेळ अजून आलेली नाही, असं समजून खुशाल बसून राहा.

दुसरं, मुद्दे तीन, फार तर चार. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत केलेलं भाषण घ्या. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारलं जायचं होतं. इतका मोठा विषय, इतक्या वर्षांचं काम. तरी पुढचा धोका सांगताना त्यांनी तीनच गोष्टी हातात दिल्या : संवैधानिक मार्ग सोडू नका, राजकारणात व्यक्तिपूजा करू नका, आणि राजकीय लोकशाहीवर समाधान न मानता ती सामाजिक लोकशाही करा. आज एवढ्या वर्षांनी हे तीन मुद्दे शाळेतलं पोरही सांगू शकतं. देशाच्या भवितव्याला तीन मुद्दे पुरले, तर आपल्या बोअरवेलला सतरा कशाला?

तिसरं, आकडा घराच्या मापात सांगा. समजा मोटर आणि पाइपलाइनचं काम साठ हजारांचं आहे. “साठ हजार” म्हटलं की सभा चमकते. आपली घरं चाळीस आहेत असं धरा, म्हणजे घरामागे पंधराशे. वर्षभरात द्यायचे तर महिन्याला सव्वाशे. आणि उन्हाळ्यात एक टँकर मागवला तर काय पडतं ते प्रत्येकाला माहीत आहेच. आकडा तोच, पण आता माणूस त्यावर विचार करू शकतो. मात्र एक सांभाळा. साठ हजार हा पूर्ण आकडाही सांगितलाच पाहिजे. नुसता सव्वाशे सांगून साठ हजार झाकला, तर पुढच्या वेळी तुमच्या कोणत्याच आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

चौथं, मोठ्याने सराव. मनातल्या मनात भाषण नेहमी सुंदरच होतं. ते घरात, मोठ्या आवाजात, घड्याळ लावून करा. पहिला श्रोता घरचं माणूस. ते जिथे “म्हणजे काय?” म्हणेल, तिथली ओळ बदला. पाठ करू नका. पाठ केलेली एक ओळ सटकली की सगळी गाडी रुळावरून उतरते. मुद्द्यांची चिठ्ठी हातात ठेवा, त्यात लाज कसली? आणि उभं राहिल्यावर लगेच सुरू करू नका. एक पूर्ण श्वास घ्या, मागच्या रांगेकडे पाहा, मग बोला. शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज जातो का, हे विचारूनच घ्या.

पाचवं आणि सगळ्यात अवघड, विरोध. सभेत कोणी तरी तावातावाने उठणार. उठू द्या. त्याचं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. मग त्याचा प्रश्न तुमच्या शब्दांत सगळ्यांना ऐकू जाईल असा परत सांगा : “भाऊंचं म्हणणं असं की मागच्या वर्षी दुरुस्ती होऊनही मोटर जळाली, मग तेव्हाच्या कामाची हमी होती की नाही. बरोबर ना भाऊ?” निम्मा राग तिथेच उतरतो, कारण आपलं म्हणणं पोचलं हे त्याला कळतं. उत्तर प्रश्नाला द्या, माणसाला नाही. तो मागच्या वर्षीची वर्गणी थकवून बसला आहे, हे त्या वेळी काढायचं नाही. आणि उत्तर ठाऊक नसेल तर, “आता मला माहीत नाही, आठ दिवसांत लेखी देतो,” असं सांगा आणि सातव्या दिवशी द्या. त्यांचा विरोध इतिवृत्तात लिहून घ्या. ज्याचा विरोध कागदावर नोंदला गेला, तो माणूस पुढच्या सभेला परत येतो. ज्याचा आवाज दाबला, तो पानटपरीवर जातो.

इथे ज्येष्ठांना हात जोडून एक विनंती. नव्या माणसाने पहिल्यांदा बोलायला तोंड उघडलं आणि तो अडखळला, तर “बस खाली, मी सांगतो,” असं म्हणू नका. तुम्ही चांगल्या मनानेच म्हणता, वेळ वाचावा म्हणून. पण तो खाली बसला की पुढची दहा वर्षं उठत नाही. त्याला पाणी द्या, थांबा, त्याचं त्याला वाक्य सापडू द्या. सभा पाच मिनिटं उशिरा संपली तरी चालेल.

आणखी एक. आपल्या सभेला घर ज्यांच्या नावावर, ते येतात. नळाला कितव्या दिवशी पाणी आलं, धार किती बारीक होती, कोणत्या गल्लीतला दिवा चार रात्री बंद आहे, खुल्या जागेत मुलं खेळतात तिथे काच पडली आहे, हे ज्यांना नक्की माहीत असतं, त्या घरी स्वयंपाक करत असतात. एकबुर्जीचं पाणी आटलं की त्याची पहिली झळ त्यांना लागते. पाण्याच्या विषयावर त्यांचं न ऐकता ठराव करणं म्हणजे रोग्याला न विचारता औषध देणं आहे. ज्यांना मताचा अधिकार आहे त्यांनी मत द्यावं, पण माहिती सांगायला आणि प्रश्न मांडायला प्रत्येक घरातून बाईमाणसाला आग्रहाने बोलवावं.

आता माझ्या बोलण्याचं ते एक वाक्य, ज्यासाठी मी उभा राहिलो. माझी सूचना अशी आहे. येत्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेवरचा प्रत्येक विषय वेगळ्या सभासदाने मांडावा. सचिवांनी हिशेब तयार करून द्यावा, पण पाण्याचा विषय एकाने, दिव्यांचा दुसऱ्याने, झाडांचा तिसऱ्याने. प्रत्येकाला तीन मिनिटं. त्यात आजवर कधीही न बोललेले निदान तीन जण असावेत. आणि दर महिन्याला आपल्या मंदिरासमोरच्या ओट्यावर अर्धा तास बसू, त्यात बचत गटासारखं प्रत्येकाने उभं राहून आपल्या गल्लीबद्दल एक वाक्य बोलायचं. आठवी-नववीतल्या मुलामुलींनाही त्यात घ्या. पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सव होईल, तेव्हा या व्यासपीठावर हीच मुलं असतील. त्यांना तेव्हा बोलता यावं असं वाटत असेल, तर त्यांच्या पहिल्या वाक्याला आपण आज जागा करून दिली पाहिजे.

ही सूचना मी अध्यक्षांकडे लेखी देत आहे. तिला सूचक मी आहे, अनुमोदक तुमच्यापैकी हवा आहे. मात्र अट एकच, अनुमोदन बसून चालणार नाही. उभं राहून, आपलं नाव आणि घर क्रमांक सांगून, सगळ्यांना ऐकू जाईल असं द्यायचं. आणि ते अशाने द्यावं, जो या पंचवीस वर्षांत आपल्या सभेत एकदाही बोललेला नाही.

मी बसतो. माइक इथे टेबलावर ठेवतो, चालू आहे.